दोन बँडचा एकत्र प्रायोगिक रॉक अल्बम, छोटं लेबल, ३०० विनाइल: आधी काय ठरवायचं?

गोंगाट_चौकडी (धागाकर्ता)

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. आमचा चार जणांचा बँड आहे, दोन गिटार, बास आणि ड्रम्स. दुसऱ्या शहरातली एक जोडी आहे, त्यात एक ड्रमर आणि एक जण मॉड्युलर सिंथ (सुट्या मॉड्यूलचा सिंथेसायझर) व टेप लूप (गोल जोडून फिरत राहणारी टेप) सांभाळणारा. सहा जणांनी मिळून एक अल्बम करायचा आहे. गाणी अशी नाहीत. लांब तुकडे, ड्रोन (एकच स्वर लांबवर धरून ठेवणं), फीडबॅक (अ‍ॅम्पचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणारा स्वर), मधूनमधून दोन्ही ड्रमर एकदम. गिटारी आणि बास ड्रॉप सीमध्ये, म्हणजे सर्वांत खालची तार सी स्वरापर्यंत उतरवून. एका लहान स्वतंत्र लेबलने ३०० विनाइल आणि डिजिटल काढायला होकार दिला आहे.

सगळे एकत्र स्टुडिओत फक्त दोन दिवस असतील, उरलेलं काम फाइली पाठवून. क्लिकवर (कानात ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर) वाजवायचं नाही हे पक्कं आहे, मग फाइली जुळत्या कशा ठेवायच्या? दोन ड्रमसेट, बास आणि सिंथ मिळून खर्जात चिखल होतो, त्याचं काय करायचं? आराखड्यात प्रत्येकी २६ मिनिटांचे दोन तुकडे आहेत, एका बाजूला एक. दोन्ही शांत सुरू होऊन शेवटच्या सहा मिनिटांत पूर्ण आवाजावर जातात. हे विनाइलवर बसेल का? आणि लेबल म्हणतंय, ‘करारबिरार नको, निम्मं-निम्मं करू.’ ते चालेल ना?

तार_उतरली

आधी फाइलींचं बोलतो, कारण इथला घोळ मिक्सला बसेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन्हीकडे सँपल रेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. प्रोजेक्टमध्ये काय लिहिलंय त्यावर विसंबू नका, ऑडिओ इंटरफेसच्या (माइक-गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) पॅनेलवर आकडा बघायला सांगा. ४८ ची फाइल ४४.१ समजून वाजली तर जवळपास दीड अर्धस्वर खाली येते आणि सुमारे ९ टक्के लांबते. गायक असता तर पहिल्या ओळीला ओरडला असता. ड्रोनमध्ये मात्र कोणालाच काही खटकत नाही. सिंथवाला कानाने सूर मिळवून घेतो, त्यावर दोन थर चढवतो आणि मग ते थर परत जुळवण्याचा सरळ मार्ग उरत नाही.

फाइल पाठवून वाजवण्यात वेळ सरकतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे एमपी३. एन्कोडर फाइलीच्या सुरुवातीला थोडी शांतता घालतो, कमीअधिक २५ ते ५० मिलिसेकंद. त्यावर वाजवून आलेला ट्रॅक मूळ प्रोजेक्टमध्ये टाकला की तेवढाच मागे पडतो. म्हणून ऐकण्याचा कच्चा मिक्सही वेव्हमध्येच पाठवा. दुसरं, इंटरफेसची लेटन्सी, म्हणजे आवाज आत-बाहेर जाताना होणारा उशीर. सॉफ्टवेअर ती भरून काढतं, पण ड्रायव्हरने सांगितलेल्या आकड्यावरून, आणि तो आकडा बरोबर असेलच असं नाही. आउटपुट १ मधून केबल थेट इनपुट १ मध्ये घाला, एक टिक वाजवा, ती रेकॉर्ड करा आणि किती सँपलचा फरक पडला ते मोजा. तो आकडा सेटिंगमध्ये एकदा भरला की काम झालं. बफर बदलला तर मोजणी परत करायची.

तिसरं कारण घड्याळ, आणि याबद्दल गैरसमज भरपूर आहेत. ज्या इंटरफेसवरून संदर्भ ट्रॅक वाजतोय त्यावरच रेकॉर्ड केलं तर घड्याळाचा फरक पडतच नाही, दोन्ही एकाच तालात चालतात. पण संदर्भ फोनवर ऐकून रेकॉर्डिंग वेगळ्या फील्ड रेकॉर्डरवर केलं, की दोन घड्याळं आली. २० पीपीएम (दशलक्षात वीस) इतका मामुली फरक धरला तरी २० मिनिटांत २४ मिलिसेकंद होतात. सुरुवात चपखल बसते आणि शेवटी दोन ड्रमर अडखळल्यासारखे वाटतात. टेपवर तर वेग हलतोच. उपाय एकच. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि अगदी शेवटी एकेक टिक ठेवा. दोन टिकांमधलं अंतर मोजलं की नेमकं किती ताणायचं ते कळतं.

पाठवताना सगळे ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत एकाच लांबीचे करून पाठवा, मग मधली पंधरा मिनिटं रिकामी का असेनात. ४८/२४ मध्ये एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो. २६ मिनिटांचे २४ ट्रॅक म्हणजे साधारण ५.४ जीबी. डिले-रिव्हर्ब (प्रतिध्वनी-घुमाऱ्याचे इफेक्ट) जिथे वाद्याचाच भाग नाही तिथे ट्रॅक त्यांच्याविना, सुकेच पाठवा. पेडल हेच वाद्य असेल तर तो पेडलमधून आलेला ट्रॅक खरा, पण सोबत डीआयची (वाद्यातून थेट घेतलेल्या सिग्नलची) एक प्रत ठेवा, नंतर अ‍ॅम्पमधून परत काढता येते. नावात तुकड्याचा क्रमांक, बँड, वाद्य आणि आवृत्ती हा क्रम ठेवा. ‘फायनल’ या शब्दावर बंदी घाला.

सुराचंही आधीच ठरवा. एकाचा ट्यूनर ४४० वर आणि दुसऱ्याचा ४४२ वर असेल तर फरक आठ सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). मधल्या ए ला सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात. ते मुद्दाम हवे असतील तर छानच, पण मुद्दाम असू द्या. मॉड्युलरचे ऑसिलेटर तापेपर्यंत सरकतात, अर्धा तास चालू ठेवून मगच सूर लावा. टेप लूप असेल तिथे लूप आधी रेकॉर्ड करा आणि गिटारी त्याला मिळवा. तार पिळणं सोपं, टेपमशीनला समजावणं अवघड.

दोन_काठ्या

वरच्याशी सहमत. एकच भर घालतो. क्लिक नको तर नको, पण टेम्पो मॅप लागेल. मूळ आधाराचा ड्रम ट्रॅक मोकळा वाजवून झाला की त्यावरून सॉफ्टवेअरमध्ये मात्रा आखून घ्या आणि ती मिडी फाइल दोन्हीकडे ठेवा. तुकडे शोधायला, डिले मोजायला, लूप बसवायला उपयोग होतो.

आता ते दोन दिवस. नेदरलँड्सच्या कोंकुरंट या वितरकाची ‘इन द फिशटँक’ नावाची मालिका होती. पाहुण्या बँडना स्टुडिओत दोन दिवस द्यायचे आणि जे होईल ते काढायचं. टॉर्टॉइज आणि द एक्स यांची १९९९ ची, लो आणि डर्टी थ्री यांची २००१ ची रेकॉर्ड त्यातलीच. मुद्दामहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या अर्ध्या तासाच्या आसपासच्या आहेत. दोन दिवसांत सहा अनुभवी माणसांकडून एवढंच नीट होतं. तुम्ही ५२ मिनिटं काढायला जाल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे थकलेले आणि ड्रमची कातडी सैल, अशी अवस्था होईल.

म्हणून त्या दोन दिवसांत फाइलीवरून जे होऊच शकत नाही तेवढंच करा. म्हणजे दोन्ही ड्रमर, बास, आणि एकमेकांना बघून घेतलेली वळणं. ड्रोन, लूप, गिटारीचे थर, फीडबॅक हे सगळं नंतर घरी. पहिल्या दिवसाची सकाळ माइक लावण्यात आणि पातळी बघण्यात जाणारच, तिच्यावर रेकॉर्डिंगचा भार टाकू नका.

दोन ड्रमसेट तीन मीटरवर ठेवलेत तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या ओव्हरहेडमध्ये (सेटच्या वर लावलेल्या माइकमध्ये) जवळपास ९ मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो. हा फरक काढायला जाऊ नका, त्यातच तो जाड आवाज आहे. पण म्हणूनच नंतर एका ड्रमरचे ठोके उचलून सरकवता येत नाहीत. दुसऱ्याच्या माइकमध्ये त्याची जुनी जागा ऐकू येत राहते आणि सगळं दोनदा वाजल्यासारखं होतं. टेक पसंत नसेल तर दोघांनी परत वाजवायचं. एकाने २२ इंची किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), दुसऱ्याने १८ किंवा २० इंची, थोडी वर लावलेली. एकाच्या झांजा काढून टाका. अख्ख्या अल्बमभर नको, तुकड्यागणिक ठरवा. दोन क्रॅश आणि दोन राइड झांजा एकदम चालू असताना गिटारचं डिस्टॉर्शन कुठे संपतं आणि धातू कुठे सुरू होतो ते कोणत्याही मिक्समध्ये वेगळं करता येत नाही.

खर्जाचं गणित असं. ड्रॉप सीमध्ये बासची खालची तार ३२.७ हर्ट्झ, गिटारची ६५.४. सिंथला तर तळच नाही. कागदावर मिनिटं आडवी आणि वाद्यं उभी मांडा, आणि प्रत्येक मिनिटाला ८० हर्ट्झच्या खाली मालक कोण ते एकच नाव लिहा. बास असेल तिथे सिंथ १२० च्या खाली कापायचा. सिंथ असेल तिथे बासवाल्याने वरच्या सप्तकात जायचं किंवा गप्प बसायचं. हे मिक्समध्ये इक्यूने (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करून) होत नाही, वाजवतानाच व्हावं लागतं. १९७२ मध्ये व्हायोलिनवादक टोनी कॉनरॅड आणि जर्मन बँड फाउस्ट यांनी एकत्र केलेल्या अल्बमकडे या नजरेने बघा. एका बाजूवर बास आणि ड्रम जवळजवळ न बदलता तेच धरून राहतात आणि व्हायोलिनचा ड्रोन वर मोकळा फिरतो. कोणी कुठे राहायचं हे पहिल्या मिनिटाला ठरलेलं आहे.

बासचा डीआय आणि अ‍ॅम्पचा माइक दोन्ही वापरणार असाल तर माइक स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर असताना तो ०.८७ मिलिसेकंद मागे असतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ४२ सँपल. तेवढा पुढे ओढा, नाहीतर ५७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि बास पोकळ लागतो.

फीडबॅकसाठी रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डीबीएफएसच्या (शून्य म्हणजे डिजिटलची कमाल) आसपास ठेवा, स्वर पकडला की तो क्षणात दहा डेसिबलने उसळतो. आणि गिटारवाला जिथे उभा राहिल्यावर हवा तो स्वर लागला तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा. एक पाऊल सरकलं की दुसराच हार्मोनिक (मूळ स्वराचा वरचा उपस्वर) लागतो.

सिंथ_पॅच_हरवला

टेम्पो मॅपबद्दल थोडं वेगळं मत. मोकळ्या वाजवलेल्या ड्रमवर मॅप आखला की लोक हळूच ठोके त्याच्या रेघांवर बसवायला लागतात आणि मग क्लिकच काय वाईट होता? मॉड्युलरला ड्रमच्या मागे चालवायचं असेल तर किकच्या ट्रॅकवरून सरळ क्लॉक (सिंथला ताल देणारे ठोक्यांचे सिग्नल) काढा. ज्यांना ट्रॅकमधून गेट (ठोक्यागणिक चालू-बंद होणारा सिग्नल) काढता येत नाही त्यांनी ड्रम ऐकत ऐकत वेगळ्या ट्रॅकवर पाच मिलिसेकंदांचे ठोके टॅप करून रेकॉर्ड करावेत आणि तो ट्रॅक क्लॉक इनपुटला द्यावा. हाताने टॅप केलेला क्लॉक जरासा डुलतो, तेच हवं असतं. इंटरफेसच्या लाइन आउटपुटचा व्होल्टेज पुष्कळदा क्लॉक इनपुट उठवायला पुरत नाही. मध्ये एक प्रीअ‍ॅम्प मॉड्यूल लागेल, ते आधीच जमवा.

आतली_खाच

विनाइलबद्दल. तुमचा आराखडा विनाइलच्या नेमका उलट आहे. म्हणजे २६ मिनिटं अशक्य नाहीत, वर उल्लेख आलेल्या कॉनरॅड-फाउस्टच्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजू २५ मिनिटांहून लांब आहेत. पण तिथे आवाजाची पातळी जवळपास एकसारखी राहते. तुमच्याकडे तसं नाही.

१२ इंची रेकॉर्डला ३३⅓ वर एका बाजूला १८ ते २० मिनिटं आरामात बसतात, २२ पर्यंत ताणता येतं. त्यापुढे खाचा एकमेकींच्या जवळ कोरायच्या म्हणून कटिंग करणारा (मूळ तबकडीवर खाच कोरणारा) पूर्ण बाजूची पातळी खाली आणतो. ती पातळी ठरते सगळ्यात मोठ्या भागावरून. म्हणजे शेवटची सहा मिनिटं बसवायची म्हणून सुरुवातीची शांत वीस मिनिटंही खाली जातात आणि पृष्ठभागाच्या खरखरीत बुडतात.

दुसरी अडचण आतल्या वर्तुळाची. फिरण्याचा वेग तोच असला तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत मधल्या कागदी लेबलजवळ जेमतेम २१. कमी जागेत तेवढाच वरचा आवाज कोंबावा लागतो. झांजा, फीडबॅक, डिस्टॉर्शनची वरची धार हे आत गेलं की फाटतं. तुम्ही सर्वांत मोठा, सर्वांत चिरका भाग नेमका तिथे ठेवताय, आणि उत्तम जागा असलेल्या बाहेरच्या कडेला शांत ड्रोन.

पर्याय चार. एक, प्रत्येक बाजू १८ मिनिटांवर आणा. मोठा भाग आहे तिथेच ठेवलात तरी कटिंगवाला बाजू लेबलपासून लांब संपवू शकतो, आत जायची गरज राहत नाही. दोन, बाजू ब उलटी लिहा, गडगडाटाने सुरू होऊन ड्रोनवर विझणारी. तीन, डबल अल्बम, ४५ वर, चार बाजूंना १३-१३ मिनिटं. आवाज सुंदर येईल, पण कटिंग, प्लेटिंग (धातूचा साचा बनवणं) आणि प्रेसिंग सगळं दुप्पट, पाकीट जड, टपाल महाग. ३०० प्रतींवर छोट्या लेबलला ते झेपेल का ते त्यांनाच विचारा. चार, विनाइलवर ४० मिनिटं आणि पूर्ण लांबीची आवृत्ती फक्त डिजिटल. माझा कौल पहिल्याला. २६ मिनिटांच्या मोकळ्या वाजवण्यात आठ मिनिटं कापण्याजोगी नसतील असं सहसा होत नाही.

मिक्स करताना १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मध्यभागी ठेवा. स्टिरिओत पसरलेला, उलट्या फेजचा (डावी-उजवीकडे एकमेकांविरुद्ध हलणारा) खर्ज खाच वर-खाली हलवतो आणि सुई उडी मारते. दोन ड्रमसेट डावी-उजवीकडे टाकताना किक मध्येच राहू द्या. विनाइलचा मास्टर, म्हणजे शेवटची तयार फाइल, वेगळा करून घ्या, लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणाऱ्या साधनाने) चेपलेला डिजिटल मास्टर तिकडे पाठवू नका. चेपल्याने विनाइल मोठं वाजत नाही, उलट पातळी आणखी उतरवावी लागते. प्रत्येक बाजूची एकच अखंड २४ बिट वेव्ह फाइल द्या आणि सोबत कोणता भाग कितव्या मिनिटाला सुरू होतो त्याचा तक्ता.

गोंगाट_चौकडी

सगळ्यांचे आभार. बाजू १८ मिनिटांवर आणायचं इथे सगळ्यांना पटलंय, बाजू ब उलटी करायलाही हरकत नाही. मग बाजू ब ड्रोनवर संपणार असेल तर शेवटी लॉक्ड ग्रूव्ह, म्हणजे सुई उचलेपर्यंत फिरत राहणारी खाच, देता येईल का? आणि डिजिटलवर १८ मिनिटांचा एकच ट्रॅक ठेवावा की तुकडे करावेत?

आतली_खाच

देता येईल. ३३⅓ वर एक फेरा १.८ सेकंदांचा. तालाचं काही ठेवायचं असेल तर १३३.३३ बीपीएमला (मिनिटाला तेवढ्या मात्रा) चार मात्रा बसतात, १०० ला तीन. ४५ वर फेरा १.३३ सेकंद, तिथे ९० ला दोन आणि १८० ला चार.

ड्रोनसाठी वेगळा हिशेब. स्वराची कंपनं १.८ सेकंदांत पूर्ण संख्येत बसली पाहिजेत, नाहीतर सांध्यावर दर फेऱ्याला टिक येते. तुमचा सी, ६५.४१ हर्ट्झ, १.८ सेकंदांत ११७.७ कंपनं करतो. तो चार सेंट चढवून ६५.५६ केलात की बरोबर ११८ होतात, आणि त्याचे सगळे हार्मोनिकही आपोआप बसतात. ही १.८ सेकंदांची वेगळी फाइल द्यायची आणि कटिंगच्या आधी कळवायचं, आयत्या वेळी होत नाही. सांधा हाताने साधावा लागतो, त्यामुळे सगळेच करत नाहीत. ऑटोमॅटिक प्लेअर तिथे पोचल्यावर हात उचलून घेतो, तेव्हा तो लूप सगळ्यांना ऐकू येईलच असं नाही.

डिजिटलचे तुकडे करा. स्पॉटिफायवर ३० सेकंदांनंतर एक ऐकणं मोजलं जातं, मग ट्रॅक तीन मिनिटांचा असो की अठरा. बाजू चार-पाच भागांत तोडली की ऐकणीही जास्त मोजली जातात आणि रेडिओवाल्यांनाही एखादा भाग उचलता येतो. अखंड मास्टर फाइल आधी पूर्ण करा आणि शेवटी ती कापा. भाग वेगवेगळे मास्टर करून जोडू नका, सांधे ऐकू येतात. पुढे कधी सीडी काढायची शक्यता असेल तर कापण्याच्या जागा ४४.१ किलोहर्ट्झला ५८८ सँपलच्या पटीत ठेवा. सीडीची चौकट तेवढीच असते, मध्येच कापलं तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि टिक येते. ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च शिखर) उणे १ डेसिबलच्या वर नको. उणे १४ लफ्सच्या (सरासरी आवाजाचं माप) मागे धावू नका. ड्रोन आणि गोंगाट मुळातच दाट असतो, उणे ८ ला केलात तर प्लॅटफॉर्म सहा डेसिबल खाली ओढेल, बाकी काही होणार नाही.

अपलोड करताना दोन्ही बँड मुख्य कलाकार म्हणून स्वतंत्र नोंदवा. ‘अमुक आणि तमुक’ असं एकच नाव टाकलं तर तिसराच कलाकार तयार होतो आणि अल्बम कोणाच्याच पानावर दिसत नाही.

शाई_आणि_सही

कराराबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून. ‘निम्मं-निम्मं, कागद नको’ ही स्वतंत्र लेबलांची जुनी आणि चांगल्या मनाची रीत आहे. पण शिकागोच्या टच अँड गो लेबलचं काय झालं ते बघा. बटहोल सर्फर्स या बँडबरोबर त्यांचा निव्वळ नफ्यात निम्म्या वाटणीचा तोंडी करार होता, मुदत ठरलेली नव्हती. बँडने तो संपवला, लेबल तरीही रेकॉर्ड विकत राहिलं, प्रकरण कोर्टात गेलं. १९९९ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे मुदत नसलेला करार कोणताही पक्ष हवा तेव्हा संपवू शकतो. लेबल हरलं. म्हणजे कागद लेबलच्याही फायद्याचा आहे. हे त्यांना असंच सांगा, अविश्वासाचा सूर लागणार नाही.

दोन पानं पुरतात. मास्टर रेकॉर्डिंगचा हक्क बँडकडेच ठेवून लेबलला ठरावीक वर्षांचा परवाना द्या, पाच किंवा सात. ‘निव्वळ’ म्हणजे काय ते लिहून घ्या. कोणते खर्च आधी वजा होणार (कटिंग, प्रेसिंग, छपाई, मास्टरिंग, टपाल), त्यांची कमाल मर्यादा काय, आणि त्यापलीकडचा खर्च विचारल्याशिवाय करायचा नाही. प्रसिद्धीसाठी फुकट जाणाऱ्या प्रती किती, बँडना किती, हेही आकड्यात. ३०० पैकी ३० बँडना आणि २० प्रसिद्धीला गेल्या तर विकायला २५० च राहतात. खर्च कधी वसूल होईल हे ३०० वर मोजलं तर हिशेब चुकतो. दर सहा महिन्यांनी विक्रीचा तक्ता. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतले १० टक्के त्यांचे, तेही आधीच धरा.

खरी तेढ मात्र लेबलशी नाही, आपसांत येते. नफ्याच्या शंभरातले ५० तुम्हा सहा जणांकडे आले. बँडवार वाटले तर तुमच्या चौघांना प्रत्येकी ६.२५ आणि जोडीतल्या दोघांना प्रत्येकी १२.५०. डोकीवार वाटले तर सगळ्यांना ८.३३. दोन्ही पद्धती न्याय्य आहेत, दोन्हीला लोक अन्याय म्हणू शकतात. रेकॉर्डिंगच्या आधी एक निवडा. रचनेचा हक्क हा रेकॉर्डिंगच्या हक्काहून वेगळा, त्याचे टक्के वेगळ्या कागदावर लिहून सहाही जणांनी सही करा. मोकळ्या वाजवण्यात ‘हा भाग माझा’ हे सिद्ध करता येत नाही, म्हणून खोलीत असलेल्या सगळ्यांना समान हाच त्यातला कमी कटकटीचा मार्ग.

आणखी चार गोष्टी लिहाच. मूळ मल्टिट्रॅक दोन ठिकाणी, दोन्ही बँडकडे. एक बँड फुटला तर उरलेल्यांना पुन्हा प्रेस करता येईल का. एखाद्या बँडने एकट्याने हे तुकडे मंचावर वाजवावेत का. आणि मिक्सवर शेवटचा शब्द कोणाचा. तो दोन्ही बँडच्या बाहेरच्या एका मिक्स इंजिनिअरला द्या. प्रत्येक बँडने मिनिट-सेकंद टाकून एकच एकत्रित यादी पाठवायची, फक्त दोन फेऱ्या. सहा जणांनी सहा वेगवेगळे निरोप धाडले की गिटार वर जाते, मग बास, मग ड्रम्स, आणि शेवटी सगळं होतं तिथेच, फक्त मोठं. तुमच्यापैकी कोणी आधीच दुसऱ्या लेबलशी बांधलेलं असेल तर त्यांचं परवानगीपत्र आत्ताच मागा. छपाई झाल्यावर मागितलं तर ‘नाही’ म्हणणं त्यांना फार सोपं जातं.

दोन_काठ्या

शेवटच्या शब्दाबद्दल शंभर टक्के सहमत. कापायची ती आठ मिनिटंही त्याच माणसाला सुचवू द्या. वाजवणाऱ्याला स्वतःचा चांगला भाग कापवत नाही.

गोंगाट_चौकडी

परवानगीपत्राचं डोक्यातच नव्हतं, जोडीतला ड्रमर दुसरीकडे बांधलेला आहे. आजच विचारतो. शेवटचा एक प्रश्न, टेस्ट प्रेसिंग (मुख्य छपाईआधीच्या चाचणी प्रती) आलं की त्यात नेमकं काय तपासायचं? लेबल म्हणतंय पाच प्रती येतील.

आतली_खाच

पाच प्रती पाच वेगळ्या ठिकाणी पाठवा, शक्य तर एक स्वस्त प्लेअरवर आणि एक चांगल्या सुईवर वाजली पाहिजे. प्रत्येकाने टिक-टक ऐकली की मिनिट-सेकंद लिहायचं. तीच टिक सगळ्या प्रतींत त्याच सेकंदाला असेल तर दोष कटिंगमध्ये किंवा साच्यात आहे, तो परत करून मागायचा. एकाच प्रतीत असेल तर ती फक्त त्या प्रतीची धूळ किंवा ओरखडा. लांब ड्रोनमध्ये स्वर १.८ सेकंदांच्या फेऱ्याने हलतोय का बघा, म्हणजे भोक मध्यावर नाही. गोंगाटात हे लपतं, तुमच्या शांत भागात नाही. बाजू अ चा शेवट मुद्दाम हेडफोनवर ऐका, फाटायचं असेल तर तिथेच फाटतं. मूळ वेव्ह शेजारी लावून तुलना करा, आठवणीवरून नको. आणि लेबलजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला क्रमांक पाकिटावरच्या क्रमांकाशी, अ आणि ब च्या कागदी गोलांशी जुळतोय ना तेही बघा. बाजूंची अदलाबदल झालेली असेल तर ती टेस्ट प्रेसिंगलाच पकडायची, मंजुरी दिल्यानंतर सगळ्या ३०० प्रती तशाच येतात.